ओठ उचलून पाहिलं असतं तर

मित्रांनो, मी एकोणीस दात उरलेला एक म्हातारा कुत्रा आहे. कुत्र्याच्या जातीला बेचाळीस दात मिळतात. त्यातले अकरा माझ्या तोंडातून एका दिवसात उपटून काढले आणि बारा कधी, कुठे गळून पडले हे मलाही सांगता येणार नाही. माझं वय बारा, रंग मातकट, नाव भुऱ्या. सध्या महामार्गावरच्या जाम गावाच्या चौकात पंक्चरच्या दुकानापुढे, जुन्या टायरांच्या सावलीत पडलेला असतो. माझी गोष्ट गोड नाही. ऐकायची असेल तर ऐका.

माझा जन्म सेलूचा. तिथल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे सरकीचा ढीग होता, त्या उबेला आईने आम्हा पाच भावंडांना जन्म दिला. दीड महिन्याचा असेन, तेव्हा प्रभाकरराव मला सदऱ्याच्या आत घालून घरी घेऊन गेले. त्यांचं सेलूला किराण्याचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, वर गच्ची. घरात त्यांच्या पत्नी वच्छलाबाई, मुलगा धर्मेंद्र, सून सपना आणि पुढे दोन वर्षांनी जन्मलेली नात आचल.

लाड म्हणाल तर फार झाले. बिस्किटांची पेटी उघडली की तळाशी तुटके तुकडे निघायचे. ते सगळे माझे. वच्छलाबाई सकाळी चहा प्यायला बसल्या की बशीत थोडा चहा माझा, त्यात भिजवलेली दोन बिस्किटं माझी. दुपारी दुधात कुस्करलेली पोळी. दिवाळीत चिवडा सोडून सगळं. चावावं लागेल असं काही माझ्या वाट्याला क्वचितच आलं. "आमचा भुऱ्या काई कडक खातच नाई," असं वच्छलाबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या. मीही शेपूट हलवायचो. आपल्याच दातांचं वाटोळं होताना मी शेपूट हलवत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

फुकटचं मात्र मी खाल्लं नाही. सेलूला वांदरांचा फार त्रास. उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरड्या, सरगुंडे वाळत घातले की टोळीच्या टोळी उतरायची. मी दिवसभर त्या तापलेल्या गच्चीवर बसायचो. पाय भाजायचे, पण जागचा हलायचो नाही. एकदा एका हुप्प्याने माझ्या मानेचा लचका तोडला, तरी त्याला कठड्यावरून खाली उडी मारायला लावली. त्या संध्याकाळी प्रभाकररावांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगितली. "वांदरं आता आमच्या गल्लीतून जात नाईत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला तो अभिमान मी आजही विसरलेलो नाही. विसरता आला असता तर बरं झालं असतं.

मी सहा वर्षांचा असताना तो वास सुरू झाला. पहिल्यांदा आचलला जाणवला. ती चार वर्षांची होती आणि माझ्या तोंडाला तोंड लावून झोपायची. एक दिवस नाक धरून उठून बसली.

"आजी, भुऱ्याच्या तोंडाचा वास येते."

वच्छलाबाई हसल्या. "कुत्र्याच्या तोंडाचा वास नाई येईन त काय अत्तराचा येईन?"

सगळं घर हसलं. मित्रांनो, त्या हसण्याने माझी पाच वर्षं खाल्ली. कुत्र्याचं तोंड म्हटल्यावर ते घाणच मारणार, असं त्या घराने त्या दिवशी ठरवून टाकलं. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला थोडा उग्र वास असतो, हे खरं. पण लांबून नाक मुरडावं असा सडका वास हा स्वभाव नसतो, तो आजार असतो. हे तेव्हा त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. आणि त्यांनी कुणाला विचारलंही नाही.

वास वाढत गेला तसे उपाय सुरू झाले. मला शाम्पूने धुतलं. पुन्हा धुतलं. वास तोंडाचा होता आणि घासत होते ते पाठ. माझ्या गोधडीखाली कापूर ठेवला. एकदा धर्मेंद्रने स्वतःची दातांची पेस्ट बोटावर घेऊन माझ्या दातांना चोळली. तेव्हा मला वाटलं, आता याला दिसणार. पण त्याने तोंड दुसरीकडे फिरवून, श्वास रोखून चोळली. माणसं पेस्ट थुंकतात, मला थुंकता येत नाही. मी ती गिळली आणि दोन दिवस ओकत राहिलो. "याले काई मानवतच नाई," असं म्हणून तो प्रयोग संपला.

मग माझी जागा सरकू लागली. दिवाणाखालून मी व्हरांड्यात आलो. व्हरांड्यातून दुकानाच्या पायरीवर. गिऱ्हाइकं नाक धरतात म्हणून पायरीवरून मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ. कुणी मला हाकलून दिलं नाही, हे कबूल करतो. प्रत्येक वेळी गोधडी सोबत यायची, बशी सोबत यायची, बिस्किटंही यायची. येत नव्हती फक्त माणसं. आधी आचल रोज यायची, मग सुटीच्या दिवशी, मग लांबूनच हात हलवायला लागली.

तोंडात तेव्हा काय चाललं होतं ते सांगतो. दातांवर पिवळं, मग तपकिरी, खडूसारखं कडक कीटण चढलं होतं. ते हिरड्यांच्या आत शिरत होतं. हिरड्या लाल होऊन दातांपासून सुटल्या होत्या. पाणी पिताना भांड्यात रक्ताची तार उतरायची. मी एकाच बाजूने खायला लागलो. घास तोंडातून खाली पडायचा. गाल भिंतीला घासायचो. मुकं जनावर याहून अधिक काय बोलणार? पण वच्छलाबाई म्हणाल्या, "म्हातारा झाला बापडा," आणि पोळी अजून मऊ कुस्करून द्यायला लागल्या. धर्मेंद्र म्हणाला, "नखरे करून राह्यला." शेवटी उजव्या डोळ्याखाली सूज आली, फुटली आणि पू वाहू लागला. वांदराने बोचकारलं असेल म्हणून तिथे हळद भरली. वरच्या दाढेचं मूळ सडून तो पू बाहेर पडत होता. हळद चेहऱ्यावर आणि दुखणं तोंडात. ओठ वर करायला दोन बोटं लागतात. त्या घरात दहा हात होते.

आचलचा नववा वाढदिवस आला. दुपारची वेळ. घरात पोरींचा गलका, फुगे, मागचं दार उघडं. खूप दिवसांनी आतून तिचा आवाज इतका जवळ ऐकू आला म्हणून मी आत गेलो. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. पण आचलला त्या दिवशी प्रेमाचं भरतं आलं होतं. "माह्या भुऱ्या!" म्हणत तिने धावत येऊन माझ्या गळ्यात हात टाकले आणि आपला गाल माझ्या सुजलेल्या गालावर जोराने दाबला.

डोक्यात वीज कडाडल्यासारखं झालं. मी काय केलं ते मला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा आचल रडत होती. तिच्या दंडावर माझ्या दातांची खूण होती आणि त्यातून रक्त येत होतं.

"पिसाळला! पाहा, लाळ गळून राह्यली!" सपना ओरडली.

लाळ वर्षभर गळत होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा सगळ्यांना दिसली. मी चावलो तेव्हा त्या घराने माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याआधी पाहिलं असतं, तर मी चावलो नसतो.

आचलची जखम साबणाने धुतली, तिला दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं दिली. ते योग्यच केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि तिला चावलो याची खंत मी मरेपर्यंत बाळगणार आहे. दवाखान्यात त्यांना सांगितलं, की कुत्र्याला बांधून ठेवा आणि दहा दिवस लक्ष ठेवा. मला साखळीने बांधलं. बशी काठीने पुढे सरकवत. दहा दिवस मी कुणावर गुरगुरलो नाही. पाणी प्यायलो, झोपलो, हाक मारली की मान वर केली.

अकराव्या दिवशी सकाळी धर्मेंद्र लांब उभा राहून म्हणाला, "बाबा, हा पिसाळलेला नाई. दहा दिवस झाले, धडधाकट हाय."

माझी मान आपोआप वर झाली. वाटलं, आता साखळी सुटणार.

 प्रभाकरराव म्हणाले, "नसन पिसाळला. पण आता घरात नाई ठेवता येत. वासानं तसंई जीव नको केला हाय. नेऊन सोडू कुठंतरी लांब."

"मारू नका हो त्याले," वच्छलाबाई दारातून म्हणाल्या. "हॉटेलं-गिटेलं असतीन अशा जागी सोडा. खायाले भेटन."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मित्रांनो, त्या पाण्याचं मी काय करणार होतो? मी वेडा नाही हे ठरल्यावर मला घराबाहेर काढलं. वेडा असतो तर निदान कारण तरी होतं.

जामपर्यंत गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. चौकाच्या थोडं पुढे प्रभाकररावांनी मला स्वतः खाली उतरवलं. ज्या हातांनी बारा... नाही, तेव्हा अकरा वर्षांपूर्वी मला सदऱ्यात घातलं, त्याच हातांनी. त्यांनी बिस्किटांचा पुडा फोडून जमिनीवर ओतला. मी बिस्किटांकडे पाहिलं नाही, त्यांच्याकडे पाहिलं. ते गाडीत बसले. मी धावलो. पेट्रोल पंपापर्यंत धावलो, मग एका ट्रकने हॉर्न दिला आणि मी कडेच्या नालीत पडलो.

जामला हॉटेलं भरपूर आहेत, वच्छलाबाईंचं खरं होतं. पण ज्याच्या तोंडाला सडका वास येतो त्याला हॉटेलजवळ कोण उभं करतं? गरम पाणी अंगावर आलं, दगड आले. शेवटी मी पंक्चरच्या दुकानामागे जुन्या टायरांत शिरलो. दुकान रूपरावचं. पन्नाशीचा, एकटा, कमी बोलणारा माणूस. ट्यूबमधून हवा कुठे जाते ते पाहायला त्याने पाण्याने भरलेली एक टोपली, म्हणजे लोखंडी घमेलं, ठेवलेली असते. तिसऱ्या दिवशी तहानेने मी त्यात तोंड घातलं. पाण्यात रक्त आणि पू उतरला.

आता दगड येणार म्हणून मी डोळे मिटले. रूपराव उकिडवा बसला आणि नाकाला हात न लावता म्हणाला, "काऊन रे, काऊन इतकं सडलं तुह्यं तोंड?"

वास येतो, असं पाच वर्षं शेकडो वेळा माझ्यासमोर बोललं गेलं होतं. का येतो, हे विचारणारा हा पहिला माणूस.

त्याने घाई केली नाही. चार दिवस नुसता वरणभात ठेवत राहिला. पाचव्या दिवशी भर उन्हात माझी मान मांडीवर घेतली आणि अंगठ्याने हळूच ओठ वर उचलला.  तो "हट् तिच्या मायले!" एवढंच म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. शेजारच्या चहावाल्याने विचारलं, "काय पायता त्या घाणीत, रूपरावभाऊ?"

"छेद कुठं हाय ते पायल्याशिवाय ठिगळ कसं लावू?" रूपराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याने मला ऑटोत घातलं आणि तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर मोहिनी होत्या. त्यांनी माझ्या जबड्याला पट्टी बांधून, ओठ उचलून एकेक दात पाहिला.

"हा किती वर्षांपासून असा आहे?"

"मले भेटून आठ दिवस झाले, मॅडम. लोकं म्हणतेत कुत्र्याच्या तोंडाले वास असतेच."

"सगळे हेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "हे कीटण एका दिवसात चढत नाही. पिल्लू असल्यापासून रोज बोटाला ओलं स्वच्छ फडकं गुंडाळून दात पुसले असते, किंवा मऊ ब्रशने कुत्र्यांसाठीची पेस्ट लावली असती, तरी हे टळलं असतं. माणसांची पेस्ट नाही हं, ती त्यांना बाधते. वर्षातून एकदा कुणी तोंड तपासलं असतं, तरी चाललं असतं."

"हाडूक चावाले देलं त दात साफ होतेत म्हणतेत?"

"शिजवलेलं हाड दिलं तर फुटून घशात जाईल, नाहीतर दातच तुटेल. आपलं नख रुतेल इतपत मऊ असेल, तेच चावायला द्यायचं. आणि गोड, चिकट काही नको."

भूल देऊन त्यांनी माझे अकरा दात काढले, बाकीचे खरवडून साफ केले. शुद्धीवर आलो तेव्हा तोंड रिकामं, जड आणि शांत होतं. ते दुखत नव्हतं. न दुखणं म्हणजे काय, हे मी विसरून गेलो होतो.

पण रक्ताची तपासणी चांगली आली नाही. माझ्या किडन्या निम्म्याहून जास्त गेल्या होत्या. "हिरड्यांतली घाण वर्षानुवर्षं रक्तात जात राहते," डॉक्टर मोहिनी म्हणाल्या. "सगळं त्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण हातभार लागला असणार. दोन वर्षं आधी आणला असता, तर..."  रूपरावने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हापासून तो रोज सकाळी दुकान उघडण्याआधी माझे उरलेले दात फडक्याने पुसतो.

गेल्या महिन्यात एक पांढरी गाडी दुकानापुढे थांबली. मागचं चाक पंक्चर झालं होतं. धर्मेंद्र उतरला. मग प्रभाकरराव. मग वच्छलाबाई आणि आचल. आचलच्या कडेवर एक पांढरं पिल्लू होतं.

मला पळून जायचं होतं. पण शेपूट माझं ऐकत नाही. ती हलली. याचा मला अजून राग येतो.

वच्छलाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. "अगं बाई, हा आपल्या भुऱ्यासारखा दिसते."

धर्मेंद्र जवळ आला, वाकला, मला हुंगून सरळ झाला. "नाई वं आई. भुऱ्या असता त इथं उभं राहवलं नसतं. याच्या तोंडाले वासच नाई."

रूपरावचे हात थांबले. त्याने एकदा माझ्या शेपटीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग प्रभाकररावांना विचारलं, "तुमच्या घरी कुत्रा होता काय, काकाजी?"

प्रभाकररावांनी माझ्या डोळ्याखालचा व्रण पाहिला होता. त्यांनी मला ओळखलं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी नजर रस्त्याकडे वळवली.

"होता एक," ते म्हणाले. "म्हातारा होऊन मेला."

मित्रांनो, सोडून दिल्याचं दुःख मी वर्षभर पचवलं होतं. मेल्याची बातमी मात्र मी माझ्या कानांनी ऐकली.

आचल माझ्यासमोर येऊन बसली, हाताच्या अंतरावर, आणि माझ्या उघड्या तोंडात डोकावली. "काका, याचे दात कोणं काढले?"

"डॉक्टरीणबाईनं. सडले होते. वास येत होता, पण कोणी पायलंच नाई." रूपराव तिच्याशी बोलत होता, पण आवाज मोठा होता. "तुह्या पिल्लाचा ओठ वर करून पाय बरं. असा, हळू."

तिने पाहिलं. "पांढरे हायत, काका."

"तसेच ठेवजो. रोज फडक्यानं पुसजो. अन् वास आला त हसजो नोको, डॉक्टरकडे नेजो."

"कुत्र्याचे दात पुसाचे?" धर्मेंद्र हसला. "उद्या त्याले आरसा-कंगवाई द्या. चाल आचल, उशीर होऊन राह्यला."

पंक्चर काढून चाक लावून झालं. ते गाडीत चढले. पिल्लू कुईकुई करत होतं म्हणून वच्छलाबाईंनी पिशवीतून मलईचं बिस्कीट काढलं. आचलने त्यांचा हात धरला. "आजी, नोको ना देऊ."

"एका बिस्किटानं काय होते वं?" वच्छलाबाई म्हणाल्या आणि बिस्कीट पिल्लाच्या तोंडात गेलं.

गाडी गेली. या वेळी मी धावलो नाही.

मित्रांनो, माझ्याकडे आता फार दिवस नाहीत. पाणी जास्त लागतं, पाय थकतात. मला कुणाची माफी नको आणि दयाही नको. माझ्या घरातली माणसं दुष्ट नव्हती, हेच तर मला सहन होत नाही. दुष्ट माणसांपासून कुत्रा पळून तरी जातो. त्यांनी मला खाऊ घातलं, अंघोळ घातली, माझ्यासाठी डोळे पुसले. बघितलं मात्र नाही.

तुमच्या घरी, गल्लीत, शेतावर एखादा माझ्यासारखा असेल, तर आज दिवसाउजेडी त्याचा ओठ हळूच उचलून बघा. तो घास टाकत असेल, गाल घासत असेल, तर त्याला नखरेल म्हणू नका. आणि त्याच्या तोंडाला वास येत असेल, तर त्याला बाहेर काढू नका. त्याला घेऊन तुम्ही बाहेर पडा, आणि थेट दवाखाना गाठा.